वक्ता १ : पुरुष

वडगावात वीज गेली की
आधी गंगव्वाचा माग थांबतो, मग पलीकडचे चार,
मग गल्लीच्या टोकाला कुणी खोकलेलं ऐकू येतं.
तेव्हा मी धावते,
कुकर पहिल्या शिट्टीवर असला तरी गॅस बंद करून.
रात्री? रात्री दोन खोल्यांत पाच जणं झोपतात,
दिवा कुणाच्या डोळ्यावर लावू?

बॅटरी चालते एक तास दहा मिनिटं.
लॅपटॉप खडेबाजारातला, जुना,
झाकणावर खरवडून उरलेलं कुणाचं तरी नाव : ‘…वीण’.
तो शिलाई मशीनच्या फळीवर बसतो.
पाय सवयीनं खाली पायट्यावर.
वाक्य अडलं की मी पायटा दाबते.
चाक फिरतं. वर काही होत नाही.

नमुन्याची फाईल अकरा मिनिटांची.
मिनिटाला नऊ रुपये, पास झालं तर.
सूचना तीन पानं :
जे ऐकाल तेच लिहा. सुधारू नका.
खोकला लिहू नका. हसणं कंसात.
तीनदा ऐकूनही कळलं नाही तर लिहा, अस्पष्ट.

पहिल्या दिवशी पन्नास सेकंद झाले.
‘अं’ आणि ‘हं’ यांच्या मधे
मी पाऊण तास अडकले होते.
दहावीला मराठीत ब्याऐंशी मार्क,
पण माणसं बोलताना पूर्णविराम कुठं ठेवतात
हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

नवरा म्हणाला, दुसऱ्याचं बोलणं उतरवायचं, त्याचे पैसे?
सासूबाई म्हणाल्या,
मग आमचं तेवढं का ऐकू येत न्हाई तुला.

फाईलमध्ये दोघं.
एक विचारणारी, लांबच्या शहरातली,
शब्द धुऊन पिळून वाळत घातलेले.
दुसरा आवाज जाड, घोगरा, निपाणीच्या वखारीतला.
वर आधीच छापलेलं : वक्ता १ : पुरुष.

‘ल्हान असताना वखारीत गेलो.
दिवसभर तंबाखू निवडलो.
दुपारी तितंच भाकरी खाल्लो, हात न धुता.
सांजच्याला शिंकत घरला आलो.’

लिहीत गेले. सहाव्या मिनिटाला
आवाजाच्या मागं काहीतरी किणकिणलं.
मागं नेलं. पुन्हा नेलं.
काचेच्या बांगड्या,
हात वर करताना कोपराकडं घसरलेल्या.
‘थोरल्याच्या येळंला
सातव्या म्हैन्यापतूर जात हुतो की मी.’

इतका वेळ तिला मी पुरुष लिहीत होते.
मी, जिची आई भांडी घासताना
‘आलो गं, आलो’ म्हणत उठायची.
मीही म्हणायचे. मग चौथीत
धारवाडकर बाईंनी पट्टीनं ‘आले’ शिकवलं.

खोडलं. लिहिलं : स्त्री.
बदलाचं कारण द्यायला एक चौकट असते.
काय देऊ? बांगड्या?
बांगड्या, असंच लिहिलं.

नऊ मिनिटं बारा सेकंदांना एक शब्द राहिला.
सोसलो, की हसलो.
तीनदा ऐकायची परवानगी, मी चौदा वेळा ऐकला.
शेवटी सांगितलं तसंच लिहिलं, अस्पष्ट.

आठ दिवसांनी, पुन्हा वीज गेलेली असताना,
मोबाईलवर निकाल आला. पास.
नव्व्याण्णव रुपये, त्यातून दहा वजा :
वक्ता १ चं लिंग चुकलं आहे, क्रियापदं पुल्लिंगी.

उत्तर टाईप केलं, न सुधारता :
बाईच हाय ती. मी ऐकलो.
पाठवलं, तोच गंगव्वा तिकडून ओरडली, ‘करंट बंतु!’
माग सुरू झाला, मग पलीकडचे चार,
आणि मला कुकर आठवला.